बिनभाड्याचें बिऱ्हाड

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहा, अशी संपादकांची आज्ञा आली, तेव्हां आम्ही मोठ्या विचारांत पडलों. या शाळेंत आम्हीं विद्यार्थी म्हणून सात वर्षें व शिक्षक म्हणून एकतीस वर्षें काढलीं. त्यामुळें येथील वाचकांस ठाऊक नाहीं असें आमच्याजवळ फारसें कांहीं उरलेलें नाहीं. आमच्या वर्गांतील विनोदसुद्धां मुलांना इतके पाठ असत, कीं हंसावयाचें कोठें हें त्यांना आमच्या आधींच समजे. परंतु दोन वर्षांपूर्वीं कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां सहा महिने अमेरिकेंत राहून आलों, आणि तेथें एका पक्ष्याची ओळख झाली. त्या ओळखीनें पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वींचें एक देणें आठवलें. तें देणें या शाळेच्या व्हरांड्यांतलें असल्यामुळें त्याचा हिशेब येथेंच देणें योग्य, असें वाटून लेखणी हातीं घेतली आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं पेन्सिल्व्हेनिया या संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यांत, ईरी नांवाच्या अफाट सरोवरापासून थोड्याच अंतरावर, आमचे जांवई नोकरीनिमित्त राहतात. आम्ही तेथें पोंचलों तेव्हां एप्रिल महिना लागला होता. आपल्याकडे या दिवसांत आंब्यास पाड लागतो. तेथें मात्र झाडांना अद्याप पान म्हणून फुटलें नव्हतें. शेजारच्या अंगणांत एक उंच खांब उभा होता, व त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाचें, बारा दारांचें एक छोटेखानी दुमजली घर होतें. आमच्या कुटुंबास ती एखाद्या देवळापुढील दीपमाळ वाटली. आम्हांस तो कबुतरखाना वाटला. दोन्ही तर्क चुकीचे ठरले.

त्या घराचे मालक म्हणजे ऐंशी वर्षें ओलांडलेले एक वृद्ध गृहस्थ. पत्नी निवर्तलेली, मुलें दूरदूरच्या शहरीं. रोज सकाळीं हातांत कॉफीचा पेला घेऊन ते अंगणांत खुर्ची टाकीत व दक्षिणेच्या आकाशाकडे टक लावून बसत. आपण कोणाची वाट पाहतां, असें आम्हीं एके दिवशीं कुंपणापलीकडून विचारलें. ते म्हणाले, "माझ्या बिऱ्हाडकरूंची. ब्राझीलहून निघाले आहेत, आज-उद्यां येतील." वयोमानानें यांना थोडा भ्रम झाला असावा, असें आम्हांस वाटलें व आम्ही सौजन्यानें मान हालवून घरांत आलों.

चौथ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस मोठ्यानें हांक मारली. पाहतों तों त्या छोट्या घराच्या छपरावर एक काळसर पांखरूं बसलें होतें. एवढ्यांत ढगांतून ऊन पडलें, आणि तो काळा रंग पार पालटून पिकल्या जांभळाच्या सालीवर असते तशी निळी-जांभळी झांक त्याच्या अंगभर खेळूं लागली. हाच तो पर्पल मार्टिन पक्षी. आपल्याकडे हिंवाळ्यांत तारांवर ओळीनें बसणारी जी भिंगरी, तिच्याच कुळांतला तो असल्यामुळें आम्हीं त्याला मनाशीं 'जांभळी भिंगरी' असें नांव ठेवलें. उत्तर अमेरिकेंतील भिंगऱ्यांत ही सर्वांत मोठी. लांबी सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बुलबुलाएवढी. नर सर्वांगीं जांभळा-काळा. मादीचें पोट मात्र राखी.

ब्राझीलची गोष्ट म्हणजे म्हाताऱ्याचा भ्रम नव्हता. हे पक्षी हिंवाळा दक्षिण अमेरिकेंत, विशेषतः अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांत काढतात, आणि वसंतऋतु येतांच उत्तरेस परततात. कॅनडांतील यॉर्क विद्यापीठाच्या ब्रिजेट स्टचबरी या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील कांहीं पक्ष्यांच्या पाठीवर एक अगदीं हलकें यंत्र बांधिलें. तें यंत्र प्रकाशाची नोंद ठेवी. तीवरून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा व वेळांवरून ठिकाण काढतां येई. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतील एका मादीनें ब्राझीलपर्यंतच्या जाण्यास त्रेचाळीस दिवस लावले. पण परत येतांना सुमारें साडेसात हजार किलोमीटरांचें अंतर तिनें अवघ्या तेरा दिवसांत तोडलें. जातांना सवड असते. येतांना चांगली जागा दुसऱ्यानें बळकावूं नये याची घाई असते. मे महिन्यांत मामाच्या गांवीं जाणाऱ्या आगगाडींत खिडकी पकडणाऱ्या मुलांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

हा पक्षी पूर्वीं सुताराने कोरलेल्या, म्हणजे सुतारपक्ष्यानें झाडांत पाडलेल्या ढोलींत घरटें करी. त्या देशाच्या पश्चिम भागांत तो अद्यापहि तसें करतो. पूर्व भागांतील पक्ष्यांनीं मात्र ती चाल जवळजवळ टाकूनच दिली आहे. तेथील मूळच्या रहिवाशांपैकीं चॉक्टॉ व चिकसॉ हे लोक आपल्या झोंपडीजवळ एखादें लहान झाड सोलून त्याच्या फांद्यांच्या खुंटांना पोखरलेले भोपळे टांगीत व त्यांत हे पक्षी येऊन राहत, असें अलेक्झांडर विल्सन या पक्षिशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लिहून ठेविलें आहे. पुढें गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ती चाल उचलली. भोपळ्याच्या जागीं लाकडाचीं व मग अॅल्युमिनियमचीं घरें आलीं. आज पूर्वेकडील ही सारी पक्षिजात मनुष्यानें दिलेल्या घरांतच अंडीं घालते. घर देणाऱ्या मनुष्यास तेथें 'घरमालक' असेंच म्हणतात. भाडें अर्थातच नाहीं.

या घरमालकीचे कायदे शेजारच्या गृहस्थांनीं आम्हांस व आमच्या अकरा वर्षांच्या नातवास समजावून दिले. घर मोठ्या झाडांपासून दूर, मोकळ्या जागेंत हवें, म्हणजे बहिरीससाण्यासारख्या शत्रूस दबा धरतां येत नाहीं. परंतु मनुष्यवस्तीच्या जवळ हवें, कारण माणसांची वर्दळ हेंच या पक्ष्याचें संरक्षण. साप वर चढूं नये म्हणून खांबास पत्र्याचें कोंडाळें हवें. घर दोरीनें खालीं उतरवितां यावें, म्हणजे तें झाडतां येतें. आणि सर्वांत महत्त्वाचा कायदा असा, कीं परक्या घुसखोरांस तेथें राहूं देतां कामा नये.

हे घुसखोर कोण, तर आपली चिमणी! तिला त्यांनीं घरट्यासकट काढून टाकलेलें पाहून आमचें मन कळवळलें. चिमणीच्या गोष्टीवर आमचीं मुलें वाढलीं. तिला घरांतून हांकलावी हें आम्हांस कसें रुचावें? पण त्यांनीं सांगितलें, कीं ही चिमणी मूळची तेथील नव्हे. ती युरोपांतून १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कांत आणून सोडली, व १८९० सालीं तेथील सेंट्रल पार्कांत सुमारें साठ स्टार्लिंग पक्षी सोडण्यांत आले. दोन्ही पक्ष्यांची अतोनात वाढ झाली, आणि ते ढोली बळकावूं लागले, मार्टिनचीं अंडीं फोडूं लागले. दोष चिमणीचा नव्हे. तिला उचलून समुद्रापार नेणाऱ्याचा. परंतु मनुष्यानें एकदां केलेली ढवळाढवळ निस्तरण्यास पुन्हां मनुष्यासच रोज शिडी लावावी लागते, हें आम्ही त्या अंगणांत शिकलों.

मे महिन्याच्या आरंभास बिऱ्हाडकरूंची संख्या चौदा झाली. पहांटे अंधार असतांनाच एक म्हातारा नर आकाशांत उंच जाऊन गात राही. दुसऱ्या पक्ष्यांना वस्तीची वार्ता लागावी म्हणून हें गाणें असतें, असें म्हणतात. दिवसभर तीं पांखरें हवेंतच. खाणें हवेंत, पाणी पिणें हवेंत, अंघोळसुद्धां सरोवरावरून उडतां उडतां पाण्यास पोट लावून. चतुर, भुंगे, माशा, पंख फुटलेल्या मुंग्या, जें उडतें तेंच यांचें अन्न. हे दिवसाकाठीं हजारों डांस खातात असें लोक समजतात, पण तें खरें नाहीं. डांस हिंडतात तिन्हीसांजेस व जमिनीलगत, आणि हे पक्षी हिंडतात दिवसा व उंचावर.

जें उडतें तेंच अन्न! या एका वाक्यांत त्या जातीचें सारें वैभव व सारें संकट भरलेलें आहे, हें लवकरच आमच्या प्रत्ययास आलें.

एके दिवशीं हवा एकाएकीं फिरली. उत्तरेकडून बोंचरा वारा सुटला, पावसाची झड लागली, व मध्येंच हिमाचे कण पडूं लागले. त्याच संध्याकाळीं ओल्या पायरीवरून पाय घसरून ते वृद्ध गृहस्थ पडले. मांडीचें हाड मोडलें. त्यांस रुग्णालयांत नेण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं त्यांचा आमच्या नातवास दूरध्वनि आला. स्वतःच्या दुखण्याविषयीं अवाक्षर नाहीं. "हवा थंड झाली म्हणजे किडे उडत नाहींत. दोन दिवस तीं पांखरें कशीं तरी काढतील. तिसऱ्या दिवसापासून मरूं लागतील. माझ्या शीतकपाटांत थिजवलेले रातकिडे आहेत. ते कोंबट पाण्यांत टाका, आणि चमच्यानें हवेंत उडवा. जमिनीवर ठेवलें तर तीं पाहणारसुद्धां नाहींत."

आम्ही आजोबा व नातू छत्री, डबा व प्लास्टिकचा चमचा घेऊन अंगणांत उभे राहिलों. एक रातकिडा चमच्यांत ठेवावयाचा व गलोलीसारखा वर उडवावयाचा. पहिल्या दिवशीं आम्हीं शंभरांवर रातकिडे उडविले. एकाहि पक्ष्यानें जागा सोडली नाहीं. तीं पांखरें छपरावर अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसलीं होतीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं खांबाच्या बुडाशीं दोन मेलेलीं सांपडलीं. नातवानें एक उचलून तळहातावर घेतलें. तें इतकें हलकें होतें, कीं आंत पक्षी आहे कीं नुसतीं पिसें, असें वाटावें. साडेसात हजार किलोमीटर उडून आलेला तो जीव दोन दिवसांच्या उपासानें संपला होता.

त्याच दिवशीं दुपारीं एका नरानें झेंप घेतली व उडविलेला रातकिडा हवेंतल्या हवेंत टिपला. नातू आनंदानें ओरडला. दुसऱ्या वेळीं दोघे उडाले, मग चौघे. एकाचें पाहून दुसरें शिकूं लागलें. संध्याकाळपर्यंत रातकिडे संपले. उकडून फेटलेल्या अंड्याचे तुकडेहि चालतात, असें रुग्णालयांतून कळलें. आमच्या कुटुंबानें जन्मांत कधीं अंड्यास हात लावला नव्हता; परंतु त्या माउलीनें पदर खोंचला व तीन दिवस अंडीं शिजवून त्यांचे हरभऱ्याएवढे तुकडे करून दिले.

चमचा उडवितां उडवितां नातवानें आम्हांस विचारलें, "आजोबा, तुम्ही लहानपणीं पक्षी वांचवले होते का?"

मुलांचे प्रश्न फार साधे असतात. यास 'नाहीं' म्हणून मोकळें होतां आलें असतें. पण तें उत्तर पुरतें खरें झालें नसतें. म्हणून भर पावसांत छत्रीखालीं आम्हीं त्याला जी गोष्ट सांगितली, तीच आतां आपणांस सांगतों.

आपल्या शाळेच्या पूर्वेकडील व्हरांड्यांत तुळईखालीं मातीचीं अर्ध्या वाटीसारखीं घरटीं असतात. तीं ज्या लहान, धुरकट काळ्या पांखरांचीं, त्यांना गांवांत सरसकट पाकोळ्या म्हणतात. त्यांचें खरें नांव खडकपाकोळी. हीहि भिंगरीच्याच कुळांतली. कडेकपारी, लेणीं, किल्ल्यांच्या भिंती व जुन्या इमारती हीं तिचीं वसतिस्थानें. दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्स यांनीं १८३२ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें, म्हणजे ती खास आपल्या मुलखाची म्हणावयास हरकत नाहीं. आम्ही इयत्ता सहावींत असतांना श्रावणांतल्या एका दुपारीं चार मुलांनीं आमच्याशीं पैज मारली, आणि आम्हीं क्रिकेटची यष्टि फेंकून त्यांतील एक घरटें पाडलें. आंत दोन पिलें होतीं. एक तेथेंच मेलें. दुसरें फरशीवर चोंच उघडून पडलें होतें, व त्याचे आईबाप तुळईपाशीं घिरट्या घालीत होते. तेंहि मधल्या सुटीपर्यंत गेलें.

आमच्या वर्गशिक्षकांनीं छडी उगारली नाहीं. त्यांनीं शिपायाकडून एक बादली चिखल आणविला, एक बांक तुळईखालीं लावला, आणि ते म्हणाले, "तूं घरटें पाडलेंस. आतां तसेंच एक बांधून दे. त्यांना नुसती एक चोंच आहे. तुला दोन हात व दहा बोटें आहेत." आम्हांस वाटलें, सुटलों! आम्ही बांकावर चढून चिखलाचे गोळे भिंतीस थापूं लागलों. प्रत्येक गोळा क्षणभर चिकटे व मग खालीं पडे. पाकोळी चोंचींत मावेल एवढी मातीची गोळी आणते. एक थर वाळल्यावांचून दुसरा चढवीत नाहीं. तिचे हे दिवसचे दिवस आम्हीं एका यष्टीनें क्षणांत संपविले होते. शाळा सुटेपर्यंत आम्ही तेथें उभे होतों. कपडे, तोंड, केस चिखलानें भरले. भिंतीवर मात्र नखाएवढें देखील कांहीं राहिलें नाहीं. शेवटीं शिक्षकांनीं आम्हांस खालीं उतरविलें, आपल्या उपरण्यानें आमचें तोंड पुसलें, व ते एवढेंच म्हणाले, "आतां घरीं जा. हें ऋण झालें."

गोष्ट ऐकून नातू बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें डब्यांतला मोठासा तुकडा निवडून आमच्या चमच्यांत ठेवला आणि तो म्हणाला, "आजोबा, हा तुम्ही उडवा."

पांचव्या दिवशीं वारा पडला व ऊन आलें. तोंपर्यंत आणखी एक पक्षी गेला होता. घर खालीं उतरवून पाहिलें तेव्हां तो एका खोलींत सांपडला. त्याच खोलींत ऊब राखण्यासाठीं आणखी पांच जण एकमेकांस बिलगून बसलेले होते. चौदांतून अकरा वांचले. आम्हांस तीन गमावल्याचें वाईट वाटत होतें. दूरध्वनीवर वृद्ध गृहस्थांनीं आंकडा ऐकला व बराच वेळ त्यांना बोलवेना. पुढें कळलें, कीं पूर्वीं एका वर्षीं असल्याच हवेंत त्यांची सारी वसाहत मेली होती, व पुन्हां पक्षी येण्यास कित्येक वर्षें लागलीं होतीं.

मेअखेर काटक्या, चिखल व गवत यांचीं घरटीं रचलीं गेलीं. अंडीं घालण्यापूर्वीं हे पक्षी हिरवीं पानें आणून घरट्यांत अंथरतात, तें पाहून घरीं पाळण्याची तयारी चालावी तसें आम्हांस वाटलें. पांच घरट्यांत मिळून तेवीस शुभ्र अंडीं झालीं. मादी सुमारें पंधरा-सोळा दिवस तीं उबविते. पिलें झाल्यावर दोघेहि चारा भरवितात. एकोणीस पिलें निघालीं. जुलै महिन्यांत, चार आठवड्यांचीं होऊन तीं दाराशीं डोकावूं लागलीं, तेव्हां वृद्ध गृहस्थांस चाकांच्या खुर्चींतून एका दिवसापुरतें घरीं आणलें होतें. एक पिलूं दाराच्या कडेवर बराच वेळ डुलत राहिलें, आणि मग त्यानें स्वतःस हवेंत लोटून दिलें. तें खालीं खालीं आलें, सांवरलें, व सरोवराच्या दिशेनें वर चढलें. आम्हां तिघांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

ऑगस्टांत खांब ओस पडला. जातांना हे पक्षी ठिकठिकाणीं प्रचंड संख्येनें रात्रीच्या वस्तीस जमतात; दक्षिण कॅरोलिनांतील मरी सरोवरांतल्या एका बेटावर लाखों जमत असल्याची नोंद आहे, आणि पहांटे ते उठले म्हणजे हवामानखात्याच्या रडारवर त्यांचें वाढत जाणारें कडें उमटतें. आम्हीहि परत निघण्याच्या आधीं वृद्ध गृहस्थांचा निरोप घेण्यास गेलों. त्यांना आतां एकटें राहतां येणार नव्हतें. मुलीकडे जावयाचें ठरलें होतें. त्यांनीं खांबाची दोरी व शिडी आमच्या नातवाच्या हवालीं केली. ते त्याला म्हणाले, "घर देणें सोपें असतें, मुला. पण एकदां दिलें म्हणजे त्यांना दुसरें घर उरत नाहीं, हें विसरूं नकोस. दर वसंतांत झाडून ठेव."

पुढल्या वर्षीं चैत्रांत एके रात्रीं नातवाचा निरोप आला. त्याचें मराठी अजून कच्चें आहे. त्यानें लिहिलें होतें, "आजोबा, बिऱ्हाड आला." आम्हीं व्याकरणाची चूक काढली नाहीं. एकतीस वर्षांत प्रथमच.

आमचें ऋण फिटलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. व्हरांड्यांतलीं तीं दोन पिलें कोणत्याहि हिशेबानें परत येत नाहींत. पण शाळेच्या इमारतीस या उन्हाळ्यांत रंग द्यावयाचा आहे असें ऐकतों, म्हणून मुख्याध्यापकांस व सर्व विद्यार्थिमित्रांस एक विनंति करून लेखणी खालीं ठेवितों. पूर्वेकडील तुळईस रंगाऱ्यानें शिडी लावण्यापूर्वीं कोणीं तरी वर चढून घरट्यांत पाहावें. आंत कोणी असल्यास तेवढा कोपरा महिनाभर तसाच राहूं द्यावा. भिंतीचा डाग पुढें केव्हांहि पुसतां येईल. तें घरटें मात्र दहा बोटांनीं बांधतां येत नाहीं. आम्हीं एकदां प्रयत्न करून पाहिला आहे.